अडतीस

मार्चचा दुसरा आठवडा. घोडमारे माळ्यावरून कूलर उतरवतात,
शिडी मी धरलेली.
"आज अडतीस," ते वरून म्हणतात, "हे तं काहीच नाही बाप्पा,
मे यायचा आहे अजून."
मी शिडी जरा जास्तच घट्ट धरतो.

तिकडे अडतीस म्हणजे उतार.
पंचविसाच्या आत बर्फ बसून राहतो पारावरच्या म्हाताऱ्यासारखा,
पंचावन्नाच्या वर ठरतच नाही, पडतो तसा झडतो.
मधल्या अंशांत तो साठतो.
अडतिसाला सगळ्यात वाईट.
हे कळायला मला दोन हिवाळे लागले,
मी मानेवाड्याचा, बर्फ पाहिलेला
फक्त गोळेवाल्याच्या रंध्याखाली.

काम सोपं होतं. पहाटे खड्डा खणायचा, जमिनीपर्यंत,
भिंत फावड्याने गुळगुळीत करायची,
दर दहा सेंटिमीटरला थर्मामीटर खुपसून वहीत लिहायचं:
उणे अठरा, उणे चौदा, उणे नऊ,
तळाशी जवळजवळ शून्य, कारण जमीन
थंडीतही अंगातली ऊब सोडत नाही,
आणि ती ऊब वर जाताना खालचे कण खाऊन जाते.
काळ्या पाटीवर घेऊन भिंगातून पाहिले तर दाणे,
टोकदार, चकाकणारे, एकमेकांचा हात न धरणारे.
मुठीत दाबले तरी गोळा होत नाही.
रेशनची साखर, स्टॅनझिन म्हणायचा.
त्या साखरेवर तीन रात्रींच्या वाऱ्याने आणून ठेवलेली लादी.

मग फावडं आडवं ठेवून थापट्या:
मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा.
अकराव्याला लादी सुटून माझ्या मांडीवर आली.
वायरलेसवर म्हटलं, नको.
दुसऱ्या दिवशी नको.
तिसऱ्या दिवशीही नको,
आणि डोंगर तिन्ही दिवस जागचा हलला नाही.
मेसमध्ये माझं नाव पडलं मनाईराम.

चौथ्या दिवशी रॉकेल संपत आलं.
खड्डा मी चाळीस पावलं अलीकडे खणला.
पलीकडे जायला मलाच भीती वाटली, हे वहीत नाही.
चोविसाव्या थापटीला कुठे जरासं सरकलं.
लिहिलं: ऊन चढायच्या आत, एकेक करून, अंतर ठेवून.
खड्डा खोटं बोलत नाही,
पण तो स्वतःपुरतंच बोलतो.

आवाज आधी आला. धप्प.
गादीवर कुणी पोतं टाकावं तसा, पण पायाखालून.
मग वर एक रेघ, पेन्सिलीने ओढल्यासारखी.
दोघं आपले आपण उठले.
तिलकराजला अकरा मिनिटांत काढलं.
स्टॅनझिनला बावन्न.

मागच्या रविवारी भाची विचारत होती,
"मामा, त्याला कसं कळते कधी पडायचं?"
पोळपाटावर साखर पसरली, वर मैदा चाळला,
वाटीने दाबला, आणि एक कड उचलत गेलो.
नेत्राने कंपासपेटीतला कोनमापक लावला, एक डोळा मिटून.
सुटलं ते ओट्यावर, फरशीवर, तिच्या फ्रॉकवर.
"छत्तीस."
पुन्हा केलं. "एक्केचाळीस."
पुन्हा. "बत्तीस. मामा, तुझं काही खरं नाही."
ताई फडकं घेऊन आली, मुंग्या होतील म्हणत.

कूलर आता खिडकीबाहेर स्टँडवर बसला आहे,
वाळ्याच्या नव्या ताट्या, जुन्या पंख्याला तेल.
घोडमारे पहिली बादली ओततात,
टाकीचा पत्रा आत दबतो:
धप्प.
मी शिडी टाकून दोन पावलं मागे, नजर वर.
वर गच्ची, कठड्यावर वाळत घातलेल्या भरल्या मिरच्या,
आणि त्यापलीकडे कोरडं, निळं, अडतीस.

"काहून, का झालं?"
"काही नाही," मी म्हणतो.
"एकेक करून ओता."